गाडी घरी नेल्यावर ओरखडा दिसला तर: आधी दाखवा, मग खोला
जुनी गाडी घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही जुन्या गाड्या विकतो. ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात येणारे फोन बहुतेक एकाच धर्तीचे असतात. मागच्या दाराखाली ओरखडा आहे, बंपरची छटा बोनेटपेक्षा वेगळी दिसते, खड्ड्यात गेली की डावीकडून टकटक वाजतं. आणि लगेच पुढचा प्रश्न, "याची भरपाई कोण देणार? आमचा काही हक्क आहे की नाही?"

हक्क आहे. मात्र तो प्रत्येक खरचटीला लागू होत नाही, आणि जिथे लागू होतो तिथे ग्राहक तो स्वतःच्या हातानेच घालवून बसतात. गाडी आमच्याकडची नसली तरी हे पत्रक उपयोगी पडेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक

दोष दिसला की गाडी सरळ ओळखीच्या गॅरेजात जाते. मिस्त्री बघतो, "ही तर ठोकलेली गाडी आहे" म्हणतो, जुनी लांबी (पोचा भरायचा लेप) खरवडतो, नवी भरतो, वरून रंग मारतो. मग ग्राहक बिल घेऊन आमच्याकडे येतो. तोवर गाडीवर पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. आधी पोचा केवढा होता, लांबी किती जाड होती, आतला पत्रा वाकला होता का, हे ना आम्हाला कळतं ना ग्राहक आयोगाला. यांत्रिक कामातही तेच होतं. सस्पेन्शनमधले लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश बदलले जातात आणि काढलेले पार्ट त्याच संध्याकाळी भंगारात जातात.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल तर आयोग वस्तूची तपासणी करून घेऊ शकतो. पण तपासायला ती वस्तू आहे तशी असावी लागते. दोष दाखवून देण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्याची, आणि रंगवून चकाचक झालेला दरवाजा काहीच दाखवत नाही.

म्हणून दोष दिसला त्याच दिवशी एवढं करा. गाडी पुसून, कोरडी करून उजेडात उभी करा आणि फोटो काढा. एक लांबून, पूर्ण बाजू आणि नंबरप्लेट दिसेल असा. एक हातभर अंतरावरून. एक जवळून, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी धरून. शेवटचा ओडोमीटरचा. आवाजाची तक्रार असेल तर व्हिडिओ करा आणि वेग, गिअर, इंजिन थंड होतं की तापलेलं, हे त्यातच बोला. "कधीकधी येतो" एवढ्यावर कुठलाच मिस्त्री आवाज शोधू शकत नाही. हे सगळं आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोन जरूर करा, पण फोनवरच्या बोलण्याला तारीख-वेळ उरत नाही, मेसेजला उरते.

कामाच्या दोन दिवसांत आम्ही गाडी रॅम्पवर घेतो. तुमचा मिस्त्री बरोबर आणायला आमची हरकत नाही, उलट दोन मिस्त्री समोरासमोर आले की वाद लवकर मिटतो. अट एकच, जे काही उघडायचं ते दोघांच्या समोर. ब्रेक, स्टीअरिंग, कूलंटची गळती किंवा ऑइलचा लाल दिवा असला तर गाडी चालवत आणू नका, टो करा. प्रवासात कुठे अडकलात आणि तिथेच काम करावं लागलं तर उघडताना व्हिडिओ घ्या आणि काढलेला पार्ट पिशवीत घालून जपून आणा.

कायदा कुठे बाजू घेतो, कुठे नाही

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वापरलेली गाडीही त्यात 'वस्तू'च आहे, आणि विक्रेत्याकडून स्वतःच्या वापरासाठी ती घेणारा हा ग्राहक. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेला, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला दर्जा वस्तूत नसेल, तर तो 'दोष'. यातलं 'कोणत्याही प्रकारे' हे ध्यानात ठेवा. बिलावर लिहिलेलं तर धरलं जातंच, पण जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरचं उत्तरही धरलं जातं.

समजा, २०१७ ची, ६८ हजार किलोमीटर चाललेली गाडी आहे. तिच्या दाराला ओरखडा असणं हा एरवी दोष नाही. आठ-नऊ वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीकडून दुसरी अपेक्षा नाही. पण जाहिरातीत 'सर्व पॅनल ओरिजिनल रंगात' लिहिलं असेल आणि तीन पॅनल पुन्हा रंगवलेले निघाले, तर विक्रेत्याला उत्तर द्यावं लागेल. म्हणून ताबा घेण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गाडी विकली गेली की जाहिरात काढली जाते. आम्हीही काढतो.

डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींचा नियम वेगळा आहे. वस्तुविक्री कायदा १९३० च्या कलम १६ नुसार खरेदीदाराने वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हव्या होत्या अशा दोषांसाठी गर्भित हमी (न लिहिताही कायद्याने धरली जाणारी) धरता येत नाही. बंपरवरचा वीतभर ओरखडा दुसऱ्या आठवड्यात 'सापडला' तर तुमची बाजू कमकुवत होते, ती यामुळे.

आता 'गाडी जशी आहे तशी' हे वाक्य. आमच्या ताबा पावतीवर ते आहे आणि आम्ही ते काढणार नाही. वापराने झिजणारे भाग आणि दिसणारे डाग-पोचे यांची जबाबदारी कुणाची, हे त्या वाक्याने ठरतं. पण ते छापलं म्हणजे विक्रेता सगळ्यातून सुटला, असा काही व्यापाऱ्यांचा समज असतो आणि ग्राहकही तो मान्य करून गप्प बसतात. तसं नाही. मीटर मागे फिरवलं, पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली, चेसिसचं वेल्डिंग रंगाखाली दडवलं, तर ते जाणूनबुजून लपवणं आहे. करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये त्याला फसवणूकच म्हटलं आहे, पावतीवर काहीही छापलेलं असो.

"सात दिवसांत परत देता येते ना?" हे तर रोज विचारलं जातं. मन बदललं म्हणून गाडी परत देण्याचा हक्क आपल्याकडच्या कायद्यात नाही, नव्या गाडीलाही नाही. सदोष वस्तूची गोष्ट निराळी. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २ च्या पोटकलम ४७ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलच न देणं हीसुद्धा. कोऱ्या कागदावर 'रोख मिळाले' एवढंच लिहून देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. आमच्या बिलावर इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी १५ दिवस किंवा १,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी मुदत स्पष्ट लिहिलेली असते.

शेजाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून थेट घेतलेल्या गाडीला ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, कारण विकणारा व्यापारी नसतो. तिथे वाट दिवाणी न्यायालयाची. धंद्यासाठी चार-पाच गाड्या घेणाराही ग्राहक ठरत नाही. मात्र पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला एक टॅक्सी घेणारा ठरतो.

बोलणी फिसकटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कायद्याने निकालाला तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. तीन हजारांच्या रंगकामासाठी एवढा खटाटोप परवडतो का, हे तुम्हीच ठरवा. त्याआधी आमच्याकडे यावं असं आम्ही म्हणतो, त्यात आमचाही फायदा आहे हे उघड आहे.

रंग मारला म्हणजे गाडी ठोकलेली नव्हे

याबाबतीत सर्वात जास्त गैरसमज आहे. कंपनीचा रंग पत्र्यावर साधारण ९० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. एकदा पुन्हा रंगवलेला पॅनल २०० ते ३०० दाखवतो. आकडा ५०० च्या वर गेला की खाली लांबी आहे असं समजा. आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे, मागून घ्या, स्वतः लावून बघा. मात्र बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे मीटर चालत नाही. छटेवरूनही घाईने ठरवू नका. पांढऱ्या पर्ल आणि सिल्व्हर गाड्यांत बंपर आणि पत्रा यांची छटा कंपनीतूनच थोडी वेगळी असते.

शहरात चार-पाच वर्षं फिरलेल्या गाडीचे बंपर बहुधा एकदा तरी रंगवलेले असतातच. आम्हीही विक्रीआधी बंपर आणि आरशांची कव्हरं रंगवतो, आणि ते तपासणी तक्त्यावर लिहितो. यात लपवण्यासारखं काही नाही, बंपर धक्का खाण्यासाठीच असतो.

खरा अपघात दुसरीकडे दिसतो. बोनेट उघडून फेंडरचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा, पाना लागून रंग उडालेला दिसतो. दारांचं रबर बीडिंग ओढून पिलरवरचे (छताला आधार देणाऱ्या खांबांवरचे) गोल स्पॉट वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मोजा. एका बाजूला सारख्या अंतरावर आणि दुसरीकडे वेडेवाकडे किंवा गायब असतील तर पिलरचं काम झालं आहे. एप्रन (इंजिनच्या बाजूचा, पुढच्या चाकावरचा आतला पत्रा) आणि रेडिएटरचा आडवा सपोर्ट बघा, डिकीत स्टेपनी उचलून तळाचा पत्रा बघा. यांपैकी कुठे सरळ केलेलं, जोडलेलं सापडलं तर तो 'किरकोळ' दोष नाही, आणि त्याबद्दल आम्ही ओरखड्याच्या भाषेत बोलणार नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या आणि चिपळूणच्या गाड्यांना एक तपासणी जादा करा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत बऱ्याच गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, वरचा पट्टा स्वच्छ आणि आतला मातकट असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटखालच्या रुळांचा गंज आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगवरची वाळलेली गाळाची पुटी खोटं बोलत नाहीत. किनाऱ्यालगत कोकण-गोव्यात वापरलेल्या गाडीचा तळ रॅम्पवर बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

ताबा घेताना

पावसात भिजलेल्या गाडीवर पोचे दिसत नाहीत. शोरूमच्या ट्यूबलाइटखालीही दिसत नाहीत, आमच्यासुद्धा. म्हणून तपासणी दिवसा, कोरड्या गाडीची. मुहूर्त संध्याकाळचा असेल तर सकाळी येऊन बघून जा, चावी संध्याकाळी घ्या. गाडीच्या कोपऱ्याजवळ उकिडवे बसून पूर्ण बाजूवर तिरपी नजर टाका. समोरून न दिसणारा पोचा तिथून लगेच दिसतो. टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून टाकला असू शकतो. जॅक, पाना, स्टेपनी आणि दुसरी चावी मोजून घ्या. दुसऱ्या चावीवरून होणारे वाद ओरखड्यांपेक्षा जास्त असतात.

ताबा पावतीच्या मागे गाडीचं चित्र छापलेलं आहे. दिसलेला प्रत्येक डाग त्यावर गोल करून दोघांनी सही करायची. ग्राहक घाईत न बघता सही करतात, आणि पुढे तोच कागद त्यांच्याविरुद्ध जातो. अर्धा तास द्या.

विमा कंपनीकडे नाव बदलाचा अर्ज १४ दिवसांत करा. तोवर तृतीय पक्षाचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम आधीच्या मालकाच्या पॉलिसीवर मंजूर होईल असं धरून चालू नका. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीबरोबर येत नाही. जुना ओरखडा 'काल झाला' म्हणून क्लेममध्ये घालायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, आणि आमच्याकडे तसं पत्र मागू नका. आरसीवर नाव चढवण्याचा अर्ज खरेदीदाराने ३० दिवसांत करायचा असतो. फॉर्म २९ आणि ३० आमच्याकडून भरून मिळतात.

आम्ही काय करतो

तपासणी तक्त्यावर न लिहिलेला डाग किंवा पोचा ताब्यानंतर सात दिवसांत, न उघडता दाखवलात, आणि तो आधीचा असल्याचं दिसलं, तर त्या पॅनलचं डेंटिंग-पेंटिंग आमच्या खर्चाने. आमच्याकडे ताब्याच्या दिवशीचे गाडीच्या चारी बाजूंचे फोटो असतात, त्यांच्याशी ताडून बघतो. हेच फोटो तुम्हालाही त्याच दिवशी पाठवतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग यात येत नाहीत. ते आमच्या वर्कशॉपमध्ये बदललेत तर पहिले सहा महिने मजुरी निम्मी. आणि दुसरीकडून घेतलेल्या गाडीची रॅम्पवर तपासणी, मीटरच्या आकड्यांसह लेखी अहवाल, हेही काम आम्ही करतो. इसार देण्याआधी आलात तर त्याचा जास्त उपयोग.

तपासणीला येताना बिल, ताबा पावती आणि मोबाइलमधले मूळ फोटो आणा. गाडी धुऊन आणा, पण पॉलिश करून आणू नका. रविवारी पेंटर नसतो.