गर्भाशयाची रिंग पुन्हा का आली?

अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भाशय खाली उतरतंय, हे सांगायला बायका मुळात उशीर करतात. सांगितलं तरी घरच्यांच्या डोक्यात पहिलं येतं ते ऑपरेशन. त्याआधी योनिमार्गात आधारासाठी सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, बसवून पाहू असं डॉक्टर म्हणाले की अनेकींना तो काहीतरी नवा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून हाच उपाय चालत आलेला आहे.

प्राचीन ग्रीक वैद्यकात खाली उतरलेलं गर्भाशय आत ढकलून, ते पुन्हा घसरू नये म्हणून दारूत किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेलं अर्धं डाळिंब बसवत. बाईला शिडीला उलटं बांधून शिडी हलवण्याचाही प्रकार होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या सोरेनस या ग्रीक वैद्याने त्याला विरोध केला, हे त्या काळाच्या मानाने शहाणपणाचंच. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या भागात ‘प्रस्रंसिनी’साठी (म्हणजे अंग खाली घसरण्यासाठी) तूप लावावं, दुधाने शेक द्यावा, अवयव आत सारावा आणि वेशवाराने (म्हणजे मसाले घालून शिजवलेल्या मांसाच्या खिम्याने) झाकून वर पट्टा बांधावा, असं सांगितलंय. साधन वेगळं, पण युक्ती तीच: आत सारायचं आणि आधार द्यायचा.

युक्ती सापडली होती, अडचण होती ती वस्तूची. फळ कुजतं. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रुआज पारे या शल्यवैद्याने पितळेच्या आणि मेण लावलेल्या बुचाच्या लंबगोल पेसरी वापरल्या. बूच ओल शोषतं, धातू टोचतो. खरा बदल झाला तो चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनाइज्ड (गंधक घालून तापवून टिकाऊ केलेल्या) रबरामुळे, ज्याचं पेटंट 1844 चं. फिलाडेल्फियाच्या डॉ. ह्यू लेनॉक्स हॉजने या कडक रबरातून वळणदार पेसरी घडवली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. शेकोटीजवळ फावडं-चिमटा अडकवायचा पोलादी आधार पाहून त्याला हा आकार सुचला, अशी आख्यायिका आहे. मग असे आकार काढण्याची लाटच आली. एका अमेरिकन वैद्यकीय अहवालात 123 प्रकार चितारलेले पाहून न्यू हॅम्पशायरच्या डॉ. बक यांनी 1867 मध्ये टोमणा मारला, की यात साध्या बोळ्यापासून मळणी यंत्रापर्यंत सगळं आहे.

तोवर भूल आणि जंतुनाशन आलं, पाठोपाठ ऑपरेशनं सुरक्षित होत गेली. यात मुंबईचा वाटा मोठा. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर (गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे जगाला माहीत असलेले) आणि डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधण्याच्या पद्धती बसवल्या. मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी ही फार मोलाची गोष्ट होती. पेसरी मात्र ‘ऑपरेशन झेपणार नाही अशा म्हातारीसाठी’ एवढ्यावर येऊन थांबली. तिची बदनामीही झाली. रिंग बसवून घेतलेली बाई तपासणीला परत यायची नाही, रिंग वर्षानुवर्षं आतच राहायची, जखम व्हायची, क्वचित मूत्राशय किंवा गुदाशयापर्यंत भोक पडायचं. माझ्या मते यात रिंगेइतकाच दोष ती बसवून मोकळं होणाऱ्या व्यवस्थेचाही होता.

पुन्हा दिवस पालटले ते दोन कारणांनी. एक, सिलिकॉन: मऊ, वास न धरणारं, उकळता येणारं. दुसरं, ऑपरेशनमध्ये आधारासाठी योनिमार्गातून बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीच्या तक्रारी. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये या दुखण्यासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. म्हणून पेसरी सरस ठरली असं मात्र नाही. नेदरलँड्समध्ये 440 बायकांवर झालेल्या चाचणीत (2022) दोन वर्षांनी ऑपरेशनच्या गटात 81.5 टक्के, तर पेसरीच्या गटात 76.3 टक्के जणींना बरं वाटत होतं, आणि पेसरीपासून सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी पुढे ऑपरेशन करून घेतलं.

ब्रिटनमधल्या 2023 च्या चाचणीत एका गटाला रिंग स्वतः काढायला, धुवायला आणि परत बसवायला शिकवलं होतं. दवाखान्यात जाऊन रिंग बदलून घेणाऱ्यांपेक्षा या बायकांचं जगणं कुठे खालावलं नाही, उलट त्यांना त्रास कमी झाला.