मुंबई सेंट्रल मध्य रेल्वेचं नाही!

सीएसएमटी सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापूर, नाशिक, कोकण, कुठूनही आलात तरी कधी ना कधी तिथे उतरलेले असता. घोळ होतो तो मुंबई सेंट्रलचा. दर सुट्टीत कुणीतरी बॅगा घेऊन भलत्याच स्टेशनात उभं असतं, आणि बऱ्याचदा घरच्यांनीच फोनवर सांगितलेलं असतं: "सेंट्रलवरून गाडी आहे."

मुंबईत 'सेंट्रल' म्हटलं की मध्य रेल्वे, म्हणजे सीएसएमटीची. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मात्र पश्चिम रेल्वेचं. ते बांधलं बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपनीने, १९३० साली. मध्य रेल्वे जन्मली १९५१ मध्ये, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि इतर रेल्वे एकत्र करून. म्हणजे स्टेशनाचं नाव आधीचं, रेल्वेचं नंतरचं. दोघांचा काही संबंध नाही. तरी लोक नावावरून रेल्वे ठरवतात आणि फसतात.

सर्वांत जास्त फसवते राजधानी. दिल्लीची एक राजधानी मुंबई सेंट्रलहून सुटते, ती सुरत, बडोदा, कोटा करत नवी दिल्लीला जाते. दुसरी सीएसएमटीहून निघून कल्याण, नाशिक रोड, भोपाळमार्गे हजरत निजामुद्दीनला पोचते. रूळ वेगळे, दिल्लीतलं स्टेशनही वेगळं. त्यात तिकिटावरचे कोड बघा: एमएमसीटी (मुंबई सेंट्रल) आणि सीएसएमटी. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. म्हणून 'मुंबई-दिल्ली राजधानी' एवढंच सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. गाडीचा नंबर सांगा: १२९५१ सेंट्रलची, २२२२१ सीएसएमटीची.

वांद्रे आणि वांद्रे टर्मिनस वेगळी आहेत, लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याजवळ आहे, दादरला दोन्ही रेल्वे आहेत; हे एकदा कळलं की पुरे.

चुकून सीएसएमटीला पोचलात आणि गाडी सेंट्रलहून असेल, तर लोकलच्या नादी लागू नका. दादरला जाऊन, पूल ओलांडून परत उलटं यावं लागतं. मेट्रो ३ पकडा, ती सरळ नेते. फक्त मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाचं नाव वेगळं आहे, पाटीवर 'जगन्नाथ शंकर शेठ' शोधा.