सरावात पूर्ण ४२ किलोमीटर पळण्याची गरज नाही
मुंबईत जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या नवख्यांना ‘आधी एकदा पूर्ण ४२ किलोमीटर पळून पाहा’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. बहुतेक प्रशिक्षक सर्वांत लांबचा सराव ३० ते ३२ किलोमीटरवर थांबवतात, कारण त्यापुढे स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले साखररूपी इंधन, संपत आलेले असते, पावले घासत पडू लागतात आणि ती झीज भरून निघेपर्यंत पुढचे कित्येक दिवस सरावातून वजा होतात. उरलेले अंतर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कमी करून मिळवलेल्या ताजेपणावर पार होते. वेळेचे उद्दिष्टही अर्धमॅरेथॉनच्या वेळेची नुसती दुप्पट करून ठरवू नये. मुंबईच्या मार्गावरचा पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर येतो, म्हणून पहिल्या खेपेला निदान २० मिनिटे जास्तीची धरावीत, असा माझा आग्रह आहे.