खाऱ्या पाण्याची टाकी आपल्या हॉलपर्यंत कशी आली

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गेल्या दोन वर्षांत तीन घरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या, आणि तिन्ही घरांनी मला पहिला प्रश्न एकच विचारला. टाकी भरली, मीठ घातलं, आता मासे उद्या आणू का परवा? महिनाभर थांबा म्हटलं की चेहरे पडतात. पण हे थांबणं आलं कुठून ते सांगितलं की पटतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

1846 मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत कोरल लंडनला नेले. लंडनला समुद्र नाही, रोज ताजं पाणी आणणार कुठून, तर त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला सुरुवात केली, अर्धा पाऊण तास, आणि हे काम बरेचदा घरातली मोलकरीण करायची. कोरल जगले. आज आपण टाकीत वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, लावतो ना, तो म्हणजे त्या बाईचे हात आहेत. मग 1853 ला लंडनच्या झूमध्ये मत्स्यालय उघडलं, 1854 ला निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांचं पुस्तक आलं, ॲक्वेरियम हा शब्द त्यांनीच रूढ केला, आणि तिकडे टाक्यांचं वेडच लागलं. त्याचं पुढे काय झालं ते गॉस यांच्या मुलाने लिहून ठेवलंय, खडकांमधली जिवंत डबकी हौशी लोकांनी ओरबाडून रिकामी केली. हे लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

आता मिठाचं. गॉस यांनी चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी बनवायचा प्रयत्न केला होता, साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम नव्हतंच. खरं उत्तर मिळालं ते चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या सफरीतून, 1872 ते 76 मध्ये या जहाजाने जगभरच्या समुद्रांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी त्यातले 77 नमुने तपासून 1884 ला दाखवलं की खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच असतं. म्हणून तर एका बादलीतल्या मरीन सॉल्टवर जगातल्या कुठल्याही समुद्रातला मासा राहू शकतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, 1.025 च्या आसपास. किचनमधलं आयोडीनवालं मीठ चालत नाही ते याच कारणाने, त्यात बाकीचं काही नसतंच.

लोक विचारतात की खाडी दारात आहे मग मीठ विकत कशाला घ्यायचं. ठाण्याच्या खाडीवर माझं प्रेम आहे, फ्लेमिंगो बघायला दर वर्षी जातो, 2022 ला ती रामसार साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली तेव्हा फार आनंद झाला होता, पण त्या पाण्यात शहराचं सांडपाणी येतं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं येतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा धाडकन उतरतो. प्रवाळाच्या बेटावरचा मासा त्यात टिकणार नाही. नळाचं पाणीही थेट नको, क्लोरीन असतं, आरओ-डीआय फिल्टरमधून गाळून शुद्ध केलेलं घ्या आणि त्यात मीठ मिसळा.

आणि तो महिना. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे काढून दाखवले, पण टाकी ठेवणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचायला बरीच वर्षं गेली आणि तोवर लोकांचे मासे मरतच होते. नंतर प्रथा पडली की आधी डॅमसेलसारखा काटक मासा सोडायचा आणि त्याच्या जिवावर टाकी सायकल करायची, म्हणजे हे जीवाणू पुरेसे वाढू द्यायचे, मला ते कधीच पटलं नाही. 1998 ला अमेरिकेत होवानेक आणि सहकाऱ्यांनी शोधलं की टाकीत नायट्राइट खाणारा जीवाणू आपण समजत होतो तो नाहीच, तो नायट्रोस्पायरा आहे. आता बाटलीतले जीवाणू आणि थोडा अमोनिया घालून मासा न सोडताच सायकल होते. तरी चार ते सहा आठवडे धरूनच चला, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

टाकीत दगड ठेवायची कल्पना 1961 ची, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे जीवाणू आणि बारीक जीव वसलेले दगड, टाकीत ठेवून नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर मासे आणि कोरल जगवले. बर्लिनच्या हौशी लोकांनी त्याला स्किमर, म्हणजे फेस काढणारं यंत्र, जोडला. वरणाला उकळी आली की वर फेस जमतो तसं पाण्यातलं सेंद्रिय बुडबुड्यांना चिकटून वर येतं आणि काढून टाकता येतं.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी समुद्री मासे काचेमागे पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात, 1951 चं ते. घरी मात्र हे सगळं उशिरा आलं, आणि 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत ठाण्यात टाकी टिकवणं म्हणजे परीक्षाच होती, लाइट गेली की पंप बंद, पाणी तापणार आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी. बाहेरची पुस्तकं हीटर लावा सांगतात कारण ती थंड देशांत लिहिली गेली, आपल्याला मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, किंवा निदान पंखे लागतात, 26 अंशांवर पाणी राखायला.

आणि ते ओरबाडणं. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली आले, समुद्रातून उचललेला जिवंत दगडही त्यात अडकतो, तेव्हा कुणी गुपचूप देतो म्हणाला तरी घेऊ नका, ड्राय रॉक, म्हणजे कोरडा दगड, घ्या, वेळ लागतो पण तोही जिवंत होतो. मासाही पैदास केलेला घ्या. क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात होते, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तंत्र बसवलंय आणि इकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी उभी राहिली आहे.

सोसायटीतल्या तिसऱ्या घरात आज चोविसावा दिवस आहे. अमोनिया शून्यावर आलाय, नायट्राइट अजून आहे. त्यांची मुलगी रोज शाळेतून आली की टेस्ट किटचा रंग बघते आणि वहीत लिहून ठेवते.