शेवटच्या ड्रीपरपर्यंतचं गणित

रावेर-यावलच्या केळीबागेत लॅटरलचा, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीचा, पहिला ड्रीपर (पाणी ठिबकवणारं तोंड) आणि शेवटचा ड्रीपर एकाच मापाचे असतात, तरी शेवटच्या खोडाला पाणी कमी मिळतं. नळीतून वाहताना घर्षणामुळे पाण्याचा दाब घटत जातो. साध्या ड्रीपरमधून पडणारं पाणी साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणून दाब २० टक्के घटला तर पाणी सुमारे साडेदहा टक्के कमी होतं. प्रवाह तेवढाच ठेवून नळीचा आतला व्यास चौथ्या हिश्श्यानं कमी केला, तर दाबाची घट जवळपास चौपट होते.

खरी अडचण पुढे आहे. एका ड्रीपरमधून किती पाणी पडेल ते तिथल्या दाबावर ठरतं. तिथला दाब ठरतो त्याच्या पुढच्या सगळ्या ड्रीपरकडे किती पाणी जातंय यावर. म्हणजे सगळी उत्तरं एकमेकांत अडकलेली, आणि मोठ्या बागेत ड्रीपर हजारो. अमेरिकन अभियंता हार्डी क्रॉस यानं १९३६ साली पाण्याच्या नळजाळ्यांसाठी हातानं करायची रीत मांडली: प्रवाहाचा अंदाज धरा, चूक मोजा, अंदाज दुरुस्त करा, पुन्हा मोजा. आज एपानेटसारखं फुकट सॉफ्टवेअर असलं हिशेब क्षणात करतं.

मग सिव्हिल किंवा मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या जळगाव-धुळ्याच्या मुलानं गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पुन्हा दोन वर्षं एम.टेक.ला अभियांत्रिकीतली संगणना, म्हणजे असले हिशेब संगणकावर सोडवणं, कशासाठी शिकायचं? सॉफ्टवेअरची बटणं तर महिन्याभराच्या क्लासमध्येही येतात. माझं ठाम मत आहे की या एम.टेक.चा गाभा बटणांच्या मागे आहे.

दहा हजार ड्रीपरची बाग घ्या. प्रत्येक ड्रीपरचं एक समीकरण, त्यामुळे समीकरणांचा तक्ता दहा हजार ओळी आणि दहा हजार रकान्यांचा, म्हणजे दहा कोटी आकडे. प्रत्येकाला आठ बाइट धरले तर सुमारे ८०० एमबी. पण लॅटरलवरचा ड्रीपर थेट जोडलेला असतो फक्त मागच्या आणि पुढच्या शेजाऱ्याला. त्यामुळे एका ओळीत शून्याखेरीज आकडे साधारण तीनच, बाकी सगळी शून्यं. शून्यं साठवलीच नाहीत तर दहा कोटींऐवजी तीसेक हजार आकड्यांत काम भागतं. अशा बहुतेक शून्यांच्या तक्त्याला विरळ मॅट्रिक्स म्हणतात, आणि त्याची ही युक्ती पुलाच्या, इंजिनाच्या, धरणाच्या भिंतीच्या गणितातही तशीच लागते. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट मात्र सुंदर नाही, गंभीर आहे. फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण काढतात. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या खाडीत स्लाइपनर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला. सॉफ्टवेअर नामांकित होतं, पण भिंती जिथे मिळतात तिथे पाडलेले तुकडे ओबडधोबड होते. त्यामुळे कातरताण, म्हणजे भिंतीला कात्रीसारखा कापू पाहणारा ताण, ४७ टक्के कमी दिसला आणि भिंतीला बळ अपुरं पडलं. नंतर बारकाईनं केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं. प्रत्यक्षात ती फुटली होती ६५ मीटरवर. गणितात उत्तर होतंच, ते नीट विचारलं गेलं नव्हतं.

म्हणून चांगला मार्गदर्शक सॉफ्टवेअरनं काढलेलं ताणाचं रंगीत चित्र पाहून विद्यार्थ्याला सोडत नाही. तुकड्यांचा आकार निम्मा करून उत्तर किती हललं ते दाखव म्हणतो, हातानं सुटणाऱ्या सोप्या उदाहरणावर प्रोग्राम तपासायला लावतो. ही सवय लागायला वेळ लागतो, आणि दोन वर्षं त्यासाठीच हवीत.

साधनांसाठी पैशांची अडचण फारशी येत नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, आकडेमोडीचं सायलॅब, प्रवाहाच्या गणिताचं ओपनफोम हे सगळं फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्यातल्या बऱ्याच साधनांचं शिक्षण देतो. प्रबंधाच्या विषयासाठी तर खान्देशातच बघावं. हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की तापीचं पाणी खालच्या गावांत किती वेळात, किती चढेल, याची समीकरणं फ्रेंच अभियंता सेंट-व्हेनां यानं १८७१ सालीच मांडून ठेवली आहेत. ती संगणकावर सोडवता येतात. एवढा आवाका नको असेल तर एका केळीबागेची परवानगी काढावी, लॅटरलच्या दोन्ही टोकांना प्रेशर गेज लावावं, ड्रीपरखाली मापटं ठेवून पाणी मोजावं आणि आपल्या प्रोग्रामच्या आकड्यांशी ताडून पाहावं. फरक आला, तर तो नळीतल्या क्षारांमुळे, जमिनीच्या उतारामुळे की आपल्याच गृहीतकामुळे, हे शोधण्यात एक सेमिस्टर सहज जाईल.