जागा योग्य आहे, पण किती पिंजऱ्यांना?

समुद्रातल्या किंवा खाडीतल्या मत्स्यशेतीचा प्रस्ताव आला की त्यासोबत एक रंगीत नकाशा हमखास असतो. हिरवं म्हणजे उत्तम, पिवळं म्हणजे चालेल, लाल म्हणजे नको. जीआयएस, म्हणजे नकाशावर माहितीचे थर रचणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला हा नकाशा जागेची योग्यता दाखवतो. चर्चा सुरू झाली की मात्र कुणीतरी हिशेब मांडतं: हिरवं क्षेत्र इतके हेक्टर, माशांच्या एका पिंजऱ्याला किंवा शिंपल्यांच्या तराफ्याला इतकी जागा, म्हणजे एकूण इतके बसतील. भागाकार होतो, आकडा अहवालात जातो आणि पुढे तोच त्या पाण्याची धारणक्षमता, म्हणजे त्याला एकूण किती शेती झेपते याचं माप, म्हणून वापरला जातो. योग्यता आणि धारणक्षमता यांची ही गल्लत किनाऱ्यावरच्या माणसांना फार महागात पडू शकते, म्हणून दोन्ही गणितं शेजारी ठेवून पाहायला हवीत.

योग्यतेचा नकाशा करताना आधी समुद्राचे छोटे तुकडे पाडतात, चौकोनी किंवा षटकोनी. खोली, प्रवाहाचा वेग, लाटांची उंची, क्षारता, तापमान, बंदरापासूनचं अंतर, जहाजांची वर्दळ, संरक्षित क्षेत्रं असे एकेक थर घेऊन प्रत्येक तुकड्याला ० ते १ मध्ये गुण देतात. मग सगळ्या थरांचा मिळून एक गुण काढतात. अमेरिकेतल्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये मेक्सिकोचं आखात आणि दक्षिण कॅलिफोर्निया यांच्यासाठी असे ॲटलास प्रसिद्ध केले. समुद्राचे १० एकरांचे षटकोन पाडून आणि दोनशेहून अधिक थर तपासून ते काम झालं.

गुण एकत्र कसे करायचे, यावर बरंच काही ठरतं. समजा, एका तुकड्याला तीन थरांत ०.९ गुण आहेत आणि क्षारतेच्या थरात ०.१. साधी सरासरी ०.७ येते आणि तुकडा हिरवा होतो. त्याच चार गुणांचा भूमितीय मध्य काढला, म्हणजे गुणाकार करून त्याचं चौथं मूळ घेतलं, तर ०.५२ येतात. एखादा थर शून्यावर असेल, म्हणजे तिथे नौदलाचं गोळीबार क्षेत्र असेल, तर साधी सरासरी तरीही ०.६७ च्या वर राहते. भूमितीय मध्य सरळ शून्य होतो. नोआने भूमितीय मध्यच घेतला आणि मला तो निर्णय पटतो. जीआयएसमध्ये भारांक देऊन बेरीज करण्याची पद्धत फार वापरात आहे, पण तिच्यात एका थराची उणीव दुसऱ्या थराने भरून निघते. समुद्रात ती तशी भरून निघत नाही. बंदर जवळ आहे म्हणून गोड्या पाण्यात शिंपला जगत नाही.

पद्धत कोणतीही असो, प्रत्येक तुकड्याचा गुण त्या तुकड्यापुरता निघतो. शेजारच्या तुकड्यात उद्या शेत उभं राहिलं, तरी याचा गुण जसाच्या तसा राहतो. पाणी मात्र एका तुकड्यातून दुसऱ्यात सतत जात असतं. त्याच्यासोबत प्राणवायू, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), विष्ठा, जंतू सगळंच जातं. धारणक्षमतेचं गणित या वाहत्या पाण्याचं आहे, आणि ते एकेका तुकड्याला लावून चालत नाही. अख्ख्या खाडीला किंवा आखाताला लावावं लागतं.

एक काल्पनिक खाडी घेऊ. क्षेत्रफळ २ चौरस किलोमीटर, सरासरी खोली ५ मीटर. म्हणजे पाणी १ कोटी घनमीटर. शिंपला पाणी गाळून त्यातलं प्लवक खातो; मोठा शिंपला तासाला काही लिटर पाणी गाळतो. आपण ३ लिटर धरू. एका तराफा-शेतात १० लाख शिंपले असतील, तर ते शेत दिवसाला ७२,००० घनमीटर पाणी गाळेल. एकट्या शेताला अख्खी खाडी गाळायला १३९ दिवस लागतील, तेव्हा चिंता नाही. आता प्रत्येकी एक हेक्टरची ४० शेतं टाका. खाडी २०० हेक्टरांची, त्यामुळे नकाशावर ती आरामात मावतात, पाच हिश्श्यांपैकी चार मोकळेच दिसतात. पण ४० शेतं मिळून खाडीचं सगळं पाणी साडेतीन दिवसांत गाळतील. भरती-ओहोटीने ते पाणी बदलायला १० दिवस लागत असतील, तर नवं प्लवक येण्याआधीच असलेलं संपत जाईल. शिंपले मरतीलच असं नाही. ते वाढायचे थांबतील, बाजारात नेण्याजोगे व्हायला दुप्पट वेळ घेतील, आणि चाळीसही कुटुंबांचं गणित एकदम कोलमडेल. पहिल्या दहांचंसुद्धा, ज्यांचं आधी छान चाललं होतं.

अभ्यासक धारणक्षमतेचे चार प्रकार करतात. जागा किती मावते ही भौतिक, पीक किती निघतं ही उत्पादनाची, परिसंस्थेला किती झेपतं ही पर्यावरणीय आणि माणसांना किती मान्य आहे ही सामाजिक. हिरव्या क्षेत्राला पिंजऱ्याच्या आकाराने भागलं की हाती येते ती फक्त पहिली, आणि बहुतेक वेळा हीच चारांत सर्वांत मोठी निघते.

चिलीमधल्या चिलोए बेटाच्या आसपासचं पाणी थंड, खोल आणि आडोशाचं आहे. सॅल्मन माशासाठी याहून योग्य जागा शोधणं कठीण. म्हणून शेतं तिथेच दाटली. दोन शेतांत किमान किती अंतर हवं, याचा नियमही होता. पण एकाच पाण्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळ्या वयाचे मासे कायम असत; सगळे पिंजरे एकाच वेळी रिकामे ठेवून पाण्याला विश्रांती देण्याची सोय नव्हती. २००७ मध्ये तिथे सॅल्मनच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू सापडला आणि एका शेतातून दुसऱ्यात गेला. २००८ मध्ये चिलीत अटलांटिक सॅल्मनचं उत्पादन जवळपास ३.९ लाख टन होतं. २०१० मध्ये ते सव्वा लाख टनांवर आलं. हजारो कामगारांचा रोजगार गेला. त्यानंतर जवळजवळच्या परवान्यांचे गट पाडले गेले. एका गटातल्या सगळ्यांनी ठरलेल्या काळातच मासे सोडायचे आणि मग तीन महिने पिंजरे एकत्र रिकामे ठेवायचे, असा नियम आला. एकेका शेताच्या जागेत खोट नव्हती. हिशेब सामाईक पाण्याचा चुकला होता.

नॉर्वेने दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले आहेत आणि त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. जागेच्या पातळीवर प्रवाह मोजतात, पिंजऱ्याखालच्या तळाची तपासणी होते आणि त्या जागेत एका वेळी जास्तीत जास्त किती टन मासे ठेवायचे हे ठरतं. त्याच्या वर दुसरी चौकट आहे. २०१७ पासून अख्खा किनारा १३ उत्पादन क्षेत्रांत विभागला आहे आणि दर दोन वर्षांनी प्रत्येक क्षेत्राला सिग्नलचा एक रंग मिळतो. कसोटी आहे सॅल्मनच्या उवांची, म्हणजे माशाच्या अंगावर जगणाऱ्या परजीवींची. या उवांची पिल्लं प्रवाहाबरोबर अनेक किलोमीटर वाहत जातात आणि नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी सॅल्मनच्या पोरांना चिकटतात. त्यामुळे मरणारी पोरं १० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर हिरवा, १० ते ३० टक्के असतील तर पिवळा, त्याहून जास्त तर लाल. हिरव्या क्षेत्रात उत्पादन ६ टक्के वाढवता येतं, पिवळ्यात आहे तेवढंच राहतं, लाल क्षेत्रात ६ टक्के कमी करावं लागतं. २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची दोन क्षेत्रं लाल ठरली आणि पहिल्यांदाच कपात झाली. उवा कुठून कुठे जातात हे थरांवर थर ठेवून कळत नाही. त्यासाठी किनारी प्रवाहाचं संगणकी मॉडेल आणि जंगली माशांचं प्रत्यक्ष सर्वेक्षण लागतं. या सिग्नलमधला हिरवा आणि योग्यतेच्या नकाशातला हिरवा हे वेगवेगळे हिरवे आहेत.

आपल्या किनाऱ्यावर हा विषय आता दूरचा नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टणमजवळ पहिला पिंजरा सोडला. कारवारला त्यांचं पिंजऱ्यांचं काम आहे, सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी खाडीत कालवं आणि शिंपले वाढवून पाहिले आहेत. मात्र आपल्या खाड्यांसाठी योग्यतेचा नकाशासुद्धा काळजीने वाचावा लागतो. समुद्राच्या खोलीची जी जागतिक माहिती फुकट मिळते, तिचा एक चौकोन सुमारे साडेचारशे मीटरांचा असतो. कोकणातल्या कितीतरी खाड्यांची अख्खी रुंदी त्यात संपते. प्लवक किती आहे हे कळण्यासाठी उपग्रहावरून काढलेलं हरितद्रव्य किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात फसवं निघतं, आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे ते नीट मिळतच नाही. क्षारतेची बाराही महिन्यांची सरासरी घेतली तर खाडी छान हिरवी दिसते. जुलैमध्ये डोंगरावरून उतरलेल्या पुराने तीच खाडी काही दिवस जवळजवळ गोडी होते. केरळात शिंपल्यांची शेती पावसाळ्यानंतर सुरू होते आणि पुढच्या पावसाआधी काढून होते, ते याचसाठी. आपल्या नकाशातही सरासरीच्या जागी वर्षातला सर्वांत वाईट महिना घातला पाहिजे.

मला सर्वांत जास्त खटकतो तो जहाजांच्या वर्दळीचा थर. तो जहाजांवरच्या एआयएस या, जहाजाचा ठावठिकाणा आपोआप कळवणाऱ्या, यंत्राच्या नोंदींतून बनतो आणि ही यंत्रं प्रामुख्याने मोठ्या जहाजांवर असतात. पात, छोटी होडी, किनाऱ्यावरून ओढलं जाणारं रापणीचं जाळं यांतलं काहीच त्यात उमटत नाही. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या रापण लागते तो पट्टा नकाशात रिकामा आणि हिरवा दिसतो. तिथे तराफे बांधले तर भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात रापणकर बरोबर असतील. हा थर सॉफ्टवेअरमध्ये कुठून डाउनलोड होत नाही. गावच्या मच्छीमारांसोबत बसून, कोणत्या महिन्यात जाळं कुठून कुठपर्यंत जातं हे विचारून हाताने काढावा लागतो.

कोकणातल्या एखाद्या खाडीत सुरुवात करायची तर पाण्याची अदलाबदल आधी मोजावी: एका उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एका भांगाला (लहान भरतीला) प्रवाह, भर पावसात क्षारता. त्यावरून खाडीसाठी तराफ्यांची एक वरची मर्यादा ठरवावी आणि परवाने तिच्या बरेच खाली ठेवून द्यावेत. मग प्रत्येक हंगामात तराफ्यांना लोंबणाऱ्या ठरावीक दोरांवरचे शिंपले काढून मोजावेत आणि वजन करावं. वाढ मंदावलेली दिसली तर पुढचे परवाने तिथेच थांबवावेत, नकाशावर हिरवं कितीही शिल्लक असलं तरी.