ऑनलाईन पदवीचा प्रवेश: आधी मान्यता, मग डीईबी आयडी, पैसे सगळ्यात शेवटी

बाहेरून बी.ए., एम.कॉम. करणाऱ्यांची कोल्हापुरात कधीच वानवा नव्हती. गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीत शिफ्ट करणारे, इचलकरंजीत नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणारे, लग्नानंतर शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुली अशी ही मंडळी. आता त्यांना वर्गात न बसता शिकायचे दोन मार्ग आहेत. दूरशिक्षणात छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि केंद्रावर जाऊन परीक्षा. ऑनलाईन पदवीत व्हिडिओ, वाचन साहित्य, चर्चा आणि स्वाध्याय सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर. शिवाजी विद्यापीठात या दोन्हींचं काम एकाच केंद्राकडे आहे, त्यामुळे चौकशी करताना ‘दूरशिक्षण की ऑनलाईन’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर फी, तारखा आणि परीक्षेची पद्धत यांची सरमिसळ होते.

फॉर्म उघडण्याआधी मान्यता तपासा. हे सगळं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२०च्या नियमावलीनुसार चालतं आणि त्यावर यूजीसीच्याच डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची, म्हणजे डीईबीची देखरेख असते. डीईबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथे नुसतं विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. आपला अभ्यासक्रम, शैक्षणिक वर्ष, सत्र (जुलै-ऑगस्ट की जानेवारी-फेब्रुवारी) आणि पद्धत या चारही गोष्टी एकाच नोंदीत जुळल्या पाहिजेत. एखाद्या विद्यापीठाला एम.कॉम. दूरशिक्षणाने चालवायची मान्यता असते, ऑनलाईनची नसते. तिथेच चूक होते, आणि ती कळते थेट नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत.

काही विषय या मार्गाने मिळतच नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा यांची पदवी ऑनलाईन नसते, पीएच.डी.सुद्धा नाही. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र हे विषयही दूरशिक्षण आणि ऑनलाईनमधून वगळले आहेत. जुन्या माहितीपत्रकात दिसले तरी विसरा.

‘एका वर्षात पदवी’, ‘मागच्या तारखेने प्रवेश’ असं कोणी सांगत असेल तर तिथून उठायचं. ऑनलाईन पदवी दुसऱ्या संस्थेमार्फत, फ्रँचायझी देऊन चालवायला नियमात मनाई आहे. प्रवेश विद्यापीठ देतं आणि फी विद्यापीठाच्या खात्यात जाते. क्लासच्या किंवा एजंटच्या क्यूआर कोडवर प्रवेशाची फी भरायची नसते.

मान्यता पटली की ओळख क्रमांकांकडे वळा. २०२४-२५पासून दूरशिक्षण आणि ऑनलाईन प्रवेशासाठी डीईबी आयडी सक्तीचा आहे. तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, विद्यार्थ्याचे क्रेडिट (श्रेयांक) साठवणाऱ्या खात्याचा, १२ अंकी क्रमांक. क्रम असा: आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा, त्यावरून डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपचं खातं, डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, आणि तो टाकून डीईबीच्या पोर्टलवर डीईबी आयडी. अलीकडे पदवी घेतलेल्या बहुतेकांचा एबीसी आयडी कॉलेजने आधीच काढून घेतलेला असतो. दुसरा काढू नका, डिजिलॉकरमध्ये जुना शोधा. आधारचा नंबर बंद पडला असेल तर ओटीपी येणार नाही आणि सगळं तिथेच अडेल. मोबाईल नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, पण तो वेळेत बदलून घ्या. मुदतीच्या आठवड्यात हे काम काढलं तर फॉर्म हमखास राहतो.

खरी कटकट नावाची. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. एवढ्या फरकावर सहसा कोणी अडवत नाही. पण गुणपत्रकावर ‘पाटील स्नेहा सुरेश’ आणि आधारवर ‘स्नेहा अमोल चव्हाण’ असेल, तर डीईबी आयडीवर आधारमधलं नाव येणार आणि छाननीत त्रुटी निघणार. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा, आणि पदवी प्रमाणपत्रावर कोणतं नाव छापलं जाणार हे विद्यापीठाच्या केंद्रात प्रवेशाआधीच विचारून घ्या. स्पेलिंगचा किंवा जन्मतारखेचा घोळ असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग आयडी काढा. उलट क्रमाने केलं की दोन्हीकडे दुरुस्तीचे अर्ज करत बसावं लागतं.

पात्रतेत गुंतागुंत फारशी नाही. बी.ए., बी.कॉम.ला बारावी, एम.ए., एम.कॉम.ला पदवी. एम.एस्सी. गणितासारख्या विषयाला पदवीला कोणते विषय होते ते बघतात. एमबीएला गुणांची किमान टक्केवारी असते, ती माहितीपत्रकात पाहा. फॉर्ममध्ये टक्के विचारले असताना गुणपत्रकावर फक्त सीजीपीए (सरासरी श्रेणी गुण) असेल, तर दहाने गुणून मोकळं होऊ नका. आपल्या विद्यापीठाचं सूत्र वापरा. ते बऱ्याचदा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूलाच छापलेलं असतं.

कागदपत्रं अशी: दहावी, बारावीची गुणपत्रकं, पदव्युत्तर प्रवेशासाठी पदवीच्या सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्र (अजून मिळालं नसेल तर प्रोव्हिजनल), शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, आणि लागू असेल तिथे मुदतीतलं नॉन-क्रिमिलेअर. कर्नाटकातून बारावी किंवा पदवी केलेल्यांना मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) आणि पात्रतेची प्रक्रिया करावी लागते. निपाणी, चिकोडीकडच्या मुलांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं, कारण मायग्रेशन जुन्या विद्यापीठाकडून यायचं असतं आणि त्यांचा वेग आपल्या हातात नसतो. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागू शकतं. ते साध्या कागदावर चालतं की स्टॅम्प पेपरवर, हे विचारल्याशिवाय स्टॅम्प विकत घेऊ नका.

स्कॅन नीट करा. मोबाईलने तिरका, सावली पडलेला फोटो काढून चढवणं हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. गुणपत्रकाला मागची बाजू असेल तर दोन्ही बाजू एकाच पीडीएफमध्ये. फॉर्म सेवा केंद्रातून भरून घेतला तरी मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. केंद्रवाल्याचा ईमेल टाकलेला असतो, त्रुटीचं पत्र तिकडे जाऊन पडतं, आणि विद्यार्थ्याला कळतं ते मुदत संपल्यावर.

फी भरताना खात्यातून पैसे गेले आणि पोर्टलवर ‘पेंडिंग’ दिसलं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, थोड्या वेळाने स्थिती तपासा, तरीही अडलं तर बँकेच्या नोंदीसह विद्यापीठाच्या केंद्राला ईमेल करा. पावती आली म्हणजे प्रवेश पक्का असंही नाही. छाननी होऊन पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि पोर्टलचं लॉगिन मिळेपर्यंत स्थिती बघत राहायचं.

प्रवेशानंतर दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, परीक्षेचा अर्ज बहुतेक ठिकाणी दर सत्राला वेगळा भरायचा असतो. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेत नाव आलं असं होत नाही. दुसरं, अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत वजन असतं, म्हणून पोर्टलवरचे स्वाध्याय शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर असेल तर राधानगरी, गगनबावड्याकडच्यांनी पावसाळ्यातली वीज आणि रेंज गृहीत धरू नये. सराव चाचणी त्याच जागेवर, त्याच लॅपटॉपवर द्या. आणि परीक्षेपुरतं शहरातल्या नातेवाइकाकडे जाऊन बसण्यात कमीपणा काही नाही.

कॉलेजची नियमित पदवी चालू असेल तरी ऑनलाईन दुसरी पदवी घेता येते. यूजीसीने एप्रिल २०२२मध्ये तशी मुभा दिली आहे. मान्यताप्राप्त ऑनलाईन पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाते, असंही यूजीसीने स्पष्ट केलं आहे.

पदवी नको, एखाद्या विषयाचं प्रमाणपत्र पुरे असेल तर केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ पोर्टल बघा. शिकणं फुकट, प्रमाणपत्रासाठी परीक्षेची फी, आणि डीईबी आयडीची भानगड नाही. मात्र कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेची नोंदणी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याची मुदत चुकली की व्हिडिओ सगळे पाहूनही हातात काही येत नाही. ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींनी चालवलेल्या, कोर्सला स्वाध्यायांत २५पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५पैकी किमान ३० लागतात. दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळाव्या लागतात, बेरीज करून चालत नाही. हे क्रेडिट कॉलेजच्या पदवीत मोजून हवे असतील तर यूजीसीच्या २०२१च्या नियमात ४० टक्क्यांपर्यंत वाव आहे. पण तो कोर्स आपल्या अभ्यासक्रमात चालतो का, याची विभागाकडून लेखी संमती नाव घालण्याआधी घ्या, आणि निकाल आल्यावर प्रमाणपत्राची प्रत विभागात स्वतः नेऊन द्या.